मानदुखीसाठी फिजिओथेरपी: ऑनलाइन की दवाखान्यात जाऊन? पायरीपायरीने कसं ठरवायचं

मान धरली की घरोघरी क्रम ठरलेला असतो. आधी मलम, मग गरम पाण्याची पिशवी, मग कुणीतरी उशी बदलायला सांगतं, आणि आठवडा उलटूनही मान वळेना तेव्हा फिजिओथेरपिस्टचा विषय निघतो. २०२०च्या टाळेबंदीनंतर त्यात एका प्रश्नाची भर पडली: "व्हिडिओ कॉलवर होईल का हो?" हिंजवडीतून सुटून ट्रॅफिकमध्ये तास घालवणारा हे विचारतो, आणि जवळचा फिजिओ पन्नास किलोमीटरवर असलेला गावाकडचा माणूसही विचारतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दोन्ही पद्धतींनी रुग्ण बघते. माझं मत आधीच सांगून टाकते. दुखणं मानेत, खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागातच राहत असेल, तर बहुतेकांचे उपचार ऑनलाइन व्यवस्थित होतात. कळ किंवा मुंग्या हातात उतरत असतील, तर पहिली तपासणी समोरासमोरच व्हायला हवी. पुढचं बरंचसं काम व्हिडिओवर चालेल. आणि काही लक्षणांमध्ये फिजिओथेरपीचा विचार नंतर, आधी डॉक्टर. सुरुवात या शेवटच्या गटापासून करू, कारण इथे झालेली चूक महागात पडते.

पायरी १: धोक्याची लक्षणं तपासा

पडल्यामुळे किंवा अपघातात मान दुखावली असेल तर व्हिडिओ कॉल लावू नका, रुग्णालयात जा. तातडीच्या विभागात 'कॅनेडियन सी-स्पाइन रूल' नावाचा नियम वापरतात. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, हातापायांत मुंग्या असतील, किंवा मार धोकादायक पद्धतीने लागला असेल, तर त्या नियमानुसार आधी मानेचे एक्स-रेसारखे फोटो काढावे लागतात. धोकादायक म्हणजे किती? तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणंही त्यात मोडतं. गच्चीच्या जिन्यावरून घसरलेल्या आजीला "लचक भरली असेल" म्हणून घरी चोळत बसू नये, ते यासाठी.

दुसरा गट मज्जारज्जू दाबला जाण्याचा. त्यात दुखणं कधीकधी अगदी कमी असतं, म्हणूनच तो निसटतो. शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकत नाहीत, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, लघवीवरचा ताबा बदलतो. मान पुढे वाकवली की पाठीतून विजेसारखा झटका जातो. घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे: हात पुढे करून मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, शक्य तितक्या वेगाने, १० सेकंद. निरोगी माणसाची २० किंवा जास्त वेळा होते. त्याहून कमी होत असेल, किंवा बोटं नीट सरळ होत नसतील, तर अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन यांना लवकर भेटा. चाचणी चांगली झाली, पण वरची लक्षणं आहेत, तरीही भेटा.

बाकीचं थोडक्यात. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं, विश्रांतीतही न थांबणारी मानदुखी: आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. पूर्वी कर्करोग झालेला, संधिवाताचा (आमवाताचा) जुना आजार, दीर्घकाळ स्टिरॉइड: आधी डॉक्टर. खूप ताप, ताठ मान, उलट्या, उजेड सहन न होणं: लगेच रुग्णालय. कधीच झाली नव्हती अशी अचानक मानदुखी किंवा डोकेदुखी, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं: लगेच रुग्णालय. मान, जबडा आणि हात दुखतोय, छातीवर दाब आहे, घाम फुटलाय: हे हृदयाचं असू शकतं, १०८ला फोन करा.

पायरी २: तुमची मानदुखी कोणत्या गटात बसते ते बघा

अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक फिजिकल थेरपिस्टांच्या संस्थेने २०१७ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मानदुखीचे चार गट केले आहेत. रोजच्या कामात ते मला उपयोगी पडतात, कारण ऑनलाइन की समोरासमोर याचं अर्धं उत्तर त्यातच मिळतं.

पहिला गट, मान वळत नाही. सकाळी उठल्यावर एका बाजूला बघता येत नाही, गाडी मागे घेताना अख्खं अंग वळवावं लागतं. आपण ज्याला मान अवघडली, उशी लागली म्हणतो ते यात येतं. दुसरा गट, मान वळते पण टिकत नाही: थोडा वेळ बसलं की दमते, भरून येते. गाडीला मागून धडक बसून मानेला हिसका बसल्यानंतरचं दुखणंही याच गटात ठेवतात. तिसरा, मानेतून निघून डोक्यात जाणारी डोकेदुखी, बहुधा एकाच बाजूची. चौथा, हातात उतरणारी कळ.

पहिल्या दोन गटांना ऑनलाइन चालतं. हिसका बसलेला असेल तर अर्थातच पायरी १ पार केल्यावर. तिसऱ्यात मी एकदा तरी प्रत्यक्ष बघायला बोलावते, कारण मानेच्या वरच्या दोन मणक्यांची हालचाल हाताने तपासावी लागते आणि मायग्रेनपासून तिला वेगळं करायचं असतं.

चौथ्या गटावर थोडं थांबते. मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८. सहावी नस दबली तर मुंग्या साधारण अंगठ्याकडे जातात, सातवी असेल तर मधल्या बोटाकडे, आठवी असेल तर करंगळीकडे. हे तुम्ही फोनवरही सांगू शकता. पण ताकद किती उतरली आहे, हातोडीने ठोकल्यावर प्रतिक्षिप्त क्रिया येते का, स्पर्श कुठे बोथट झालाय, हे कॅमेऱ्यातून कळत नाही. नस दबल्याचं ओळखण्यासाठी चार चाचण्यांचा एक संच २००३पासून वापरात आहे: मान बाजूला झुकवून वरून दाब देणं, डोकं हलकेच वर ओढून बघणं, हाताची नस ताणून बघणं, आणि दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळते का ते मोजणं. यातली फक्त शेवटची कॅमेऱ्यासमोर भरवशाने होते. म्हणून कळ हातात असेल तर प्रवास करावा लागला तरी पहिली भेट प्रत्यक्ष घ्या. ताकद दिवसागणिक उतरत असेल तर फिजिओकडे नाही, थेट डॉक्टरांकडे.

एक खूण मात्र घरी कळते. दुखऱ्या बाजूचा तळहात डोक्यावर ठेवला की कळ कमी होते? मग दुखणं खांद्याचं नसून मानेच्या नसेचं असण्याची शक्यता वाढते. ही खूण थेरपिस्टला आवर्जून सांगा.

पायरी ३: कॅमेऱ्यातून काय होतं, हातानेच काय होतं

मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने सांधे सैल करणं, स्नायू दाबणं, मान हळुवार ओढणं, हे समोरच होणार. त्याने आराम मिळतो आणि तो खरा असतो, पण एकट्या त्यावर तो फार दिवस टिकत नाही. व्यायामाच्या जोडीने दिलं तर जास्त उपयोग होतो. अगदीच अवघडलेल्या मानेला दोन-तीन वेळा असा हात लागला की व्यायाम सुरू करणं सोपं जातं. समोर जाण्याचं हे चांगलं कारण आहे.

मशीनसाठी जाणं हे तितकं चांगलं कारण नाही. आयएफटी (विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन), अल्ट्रासाउंड, शेक, मान ताणायला वजन लावणं अशा दहा सिटिंगचं पॅकेज अनेक ठिकाणी देतात. मशीन लावून पडून राहायचं आणि घरी जायचं, व्यायाम शेवटी एका झेरॉक्स कागदावर, असा प्रकार असेल तर तो प्रत्यक्ष उपचार असूनही अपुरा आहे. त्यापेक्षा तुमच्या हालचालीकडे अर्धा तास नीट लक्ष देणारा व्हिडिओ कॉल मी कधीही निवडेन.

पुरावा काय सांगतो? मेलबर्नच्या संशोधकांनी २०२४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुडघेदुखीच्या ३९४ जणांना फिजिओथेरपी एकतर व्हिडिओवर दिली किंवा प्रत्यक्ष. व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. त्याआधी २०१५मध्ये कॅनडातल्या क्युबेकमध्ये गुडघा बदललेल्या २०५ रुग्णांवर असाच अभ्यास झाला आणि निष्कर्ष तसाच निघाला. मानेवर इतके मोठे अभ्यास कमी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही मानेच्या उपचारांचा गाभा व्यायाम आणि समज हाच आहे, आणि ही दोन्ही कामं कॅमेऱ्यातून होतात.

व्हिडिओचा एक फायदा दवाखान्यात कधीच मिळत नाही: मला तुमची खरी जागा दिसते. पलंगावर मांडी घालून मांडीवर लॅपटॉप, ओट्याची उंची इतकी कमी की भाजी चिरताना मान पूर्ण खाली, दोन उशा एकावर एक. दवाखान्यात "मी टेबलावरच काम करते" म्हणणारी व्यक्ती कॅमेरा फिरवते, आणि ते टेबल म्हणजे शिलाई मशीनचं झाकण असतं. मग सल्ला त्या झाकणापुरता नेमका देता येतो.

पायरी ४: थेरपिस्ट निवडा

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी बी.पी.टीएच. या नावाने बहुधा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. आज प्रॅक्टिस करणाऱ्या बहुतेकांनी ती इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांत केलेली आहे. राज्यात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात गैर काही नाही, चांगला थेरपिस्ट आनंदाने सांगतो. २०२१पासून देशपातळीवरही अशा आरोग्य व्यवसायांसाठी कायदा झाला आहे.

ऑनलाइन घेणार असाल तर आधी तीन गोष्टी विचारून घ्या. पहिलं सत्र किती वेळाचं? वीस मिनिटांत तपासणी, समजावणं आणि व्यायाम बसत नाहीत. दरवेळी तीच व्यक्ती भेटणार का? आणि गरज पडली तर प्रत्यक्ष कुठे पाठवणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसरीकडे बघा. ॲपवर नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाठवणं म्हणजे ऑनलाइन फिजिओथेरपी नव्हे. तुमची हालचाल बघून ती दुरुस्त करणारं माणूस पलीकडे हवं.

इथेच एक कळकळीची विनंती. केशकर्तनालयात मालिश करता करता मान कडकन मोडून घेऊ नका. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटण्याचा धोका असतो. तो दुर्मीळ आहे, पण परिणाम अर्धांगवायूपर्यंत जाऊ शकतो. हाडवैद्याकडे मान बसवून घेण्यालाही हेच लागू.

पायरी ५: व्हिडिओ सत्राची तयारी

यावर लोक दोन मिनिटंही खर्च करत नाहीत आणि मग निम्मं सत्र "अजून थोडं मागे जा" म्हणण्यात जातं.

पाठ नसलेलं स्टूल घ्या. फोन हातात धरू नका. डाळीच्या डब्याला किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून, बसल्यावर तुमच्या खांद्याच्या उंचीला येईल असा आडवा ठेवा. तुम्ही सहा-सात फूट दूर, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत दिसाल. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, समोर हवी. केस वर बांधा, बाह्या नसलेला किंवा सैल गळ्याचा टी-शर्ट घाला, ओढणी काढून ठेवा. खांद्याची फरी दिसली तर हालचाल कळते. स्त्रियांना घरात अवघडल्यासारखं होणार असेल तर दार लावून घ्या आणि हवी तर सोबत कुणी बसवा. जवळ एक टॉवेल, एक पट्टा किंवा जुनी ओढणी, पातळ उशी आणि रिपोर्ट. नेट कमकुवत असेल तर आदल्या दिवशीच समोरून आणि बाजूने असे मान हलवतानाचे दोन छोटे व्हिडिओ काढून पाठवा. वयस्कर व्यक्तीसाठी सत्र असेल तर घरातलं कुणीतरी खोलीत हवंच, व्यायाम उभ्याने करताना तोल जाऊ शकतो.

रिपोर्टवरून एक गोष्ट. "एमआरआयमध्ये डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) सरकली आहे" हे वाचून लोक मान हलवायला घाबरतात. जपानमध्ये कोणताही त्रास नसलेल्या १२११ जणांचे मानेचे एमआरआय काढले, त्यांतल्या सुमारे ८७ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे वयाबरोबर येणारे असे बदल न दुखणाऱ्या मानेतही असतात. रिपोर्ट तुमच्या लक्षणांशी जुळतो का, हे तपासणाऱ्यालाच ठरवू द्या.

पायरी ६: पहिल्या सत्रात काय व्हायला हवं

कधी सुरू झालं, काय केल्याने वाढतं, झोप कशी आहे, कामावरचा ताण कसा आहे, हे विचारलं गेलं पाहिजे. धोक्याच्या लक्षणांचे प्रश्न तर पाहिजेतच. ते न विचारता कुणी थेट व्यायाम दाखवू लागलं तर मला ते खटकेल. मग मान सहा दिशांनी किती जाते ते बघायचं. सुरुवातीला त्रास किती आहे, तेही आकड्यात लिहून ठेवा. 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स' या प्रश्नावलीत वाचन, झोप, गाडी चालवणं असे १० विषय असतात, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ५०. महिन्याने पुन्हा भरली की सुधारणा आकड्यात दिसते. दोन-तीन गुणांच्या चढउताराकडे मात्र लक्ष देऊ नका.

पायरी ७: व्यायाम, आणि ते बरोबर होतात की नाही हे कसं ओळखायचं

मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून खोलवर छोटे स्नायू असतात. मान दुखू लागली की ते सुस्तावतात आणि वरवरचे मोठे स्नायू सगळा भार घेतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेन जुल यांनी या स्नायूंवर मोठं काम केलं. व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे.

उताणे झोपा, गुडघे वाकवा, डोक्याखाली टॉवेलची घडी अशी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत राहतील. आता "हो" म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच, हळू. डोकं उचलायचं नाही, मागची बाजू टॉवेलवरून किंचित वर सरकेल. नजर पायांकडे. दात दाबू नका, श्वास रोखू नका. १० सेकंद धरा, सोडा, १० वेळांपर्यंत हळूहळू जा. आता खरी परीक्षा: दोन बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना, कानामागून छातीकडे तिरप्या येणाऱ्या स्नायूंवर ठेवा. ते मऊ राहिले पाहिजेत. दोरीसारखे टचकन उभे राहिले तर तुम्ही जोर जास्त लावताय, निम्म्यावर या. कॅमेरा बाजूने लावला असेल तर हे थेरपिस्टला पडद्यावरही दिसतं.

दुसरा व्यायाम खांद्यांचा, कारण मानेचे बरेच स्नायू खांद्याच्या फरीला जोडलेले असतात. डेन्मार्कमध्ये मान-खांदेदुखी असलेल्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार आवडतो. लवचीक रबरी ट्यूबवर उभं राहून हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, एवढाच व्यायाम. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला फक्त २ मिनिटं, १० आठवडे. एवढ्यानेही दुखणं कमी झालं. "वेळ नाही" म्हणणाऱ्याला मी हेच सांगते. हातात कळ असेल तर मात्र हा व्यायाम तपासणीआधी सुरू करू नका.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे. आलं नाही तर आवर्तनं कमी करा, बंद करू नका. पण व्यायामाने कळ कोपराखाली उतरू लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवा आणि थेरपिस्टला कळवा.

बसण्याची एकच 'योग्य' पद्धत शोधण्यात वेळ घालवू नका. लॅपटॉप पुस्तकांवर उंच, कीबोर्ड वेगळा, फोन छातीच्या उंचीवर, आणि अर्ध्या तासाने उठणं, हे पुरे. मानेचा पट्टा स्वतःहून आठवडेच्या आठवडे घालू नका, स्नायू अजून ढिले पडतात.

पायरी ८: दोन्हींची सांगड घाला

मला सगळ्यात जास्त पटणारी पद्धत अशी. पहिली भेट प्रत्यक्ष, नीट तपासणीची. गाव लांब असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी बाजारहाट किंवा कोर्टकचेरीच्या कामाला जाल त्याच दिवशी ती ठरवा. सरकारी जिल्हा रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग आहे का, ते आधी चौकशी करून बघा. त्यानंतर आठवड्याला एक व्हिडिओ सत्र, व्यायाम वाढवत नेण्यासाठी. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात प्रश्नावली पुन्हा भरायची. सुधारणा दिसत असेल तर सत्रांमधलं अंतर वाढवा. काहीच फरक नसेल तर तेच ऑनलाइन पुढे रेटू नका. प्रत्यक्ष तपासणी पुन्हा करून घ्या.

खर्चाचं बघताना सत्राच्या फीमध्ये रिक्षा, बुडालेली रजा आणि सोबत येणाऱ्याचा वेळही धरा. साध्या आरोग्य विमा पॉलिसीत दवाखान्यात भरती न होता घेतलेली फिजिओथेरपी बहुधा बसत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

परदेशातल्या मराठी मंडळींना पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या फिजिओकडून मराठीत समजून घ्यायला आवडतं, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात असेल तिथला परवाना थेरपिस्टकडे लागतो. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) फिजिओथेरपीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. तेव्हा निदान आणि उपचार तिथल्या नोंदणीकृत थेरपिस्टकडून घ्या, आणि दर वेळी सांगितलेले व्यायाम स्वतःच्या हाताने मराठीत लिहून फ्रिजवर लावा. बोटं गळ्यावर कुठे ठेवायची, किती सेकंद धरायचं, काय झालं तर थांबायचं, एवढं त्या कागदावर असलं की पुरे.